हुग्गीनंतरची पोथी

पोथी ऐकता ऐकता डुलकी लागली तर पाप लागत नाही. आमच्या गावात तरी अजून कुणाला लागलेलं नाही, नाहीतर श्रावण संपेपर्यंत मठात एकही पुण्यवान माणूस उरला नसता. आधी पंगत, मग पोथी, असा आमच्याकडचा रिवाज. साडेबाराला प्रसाद वाढतात, दोनला वाचन सुरू होतं आणि सव्वादोनला पहिली मान छातीवर येते. बाया खांबाला टेकून झोपतात, गडीमाणसं मागच्या भिंतीला. अध्याय संपला की सगळे एकदम जागे होऊन हात जोडतात. ते त्यांना कसं कळतं, हे मला लग्न होऊन इथं आल्यापासून छप्पन्न वर्षांत उमगलं नाही.

पोथीत झोपली म्हणून गावभर नाव झालं ते एकाच बाईचं. माझ्या सुनेचं, रुद्राणीचं. कारण ती वाचणारी होती.

रुद्राणी अर्धापूरची. केळीच्या बागांतून उठून आमच्या जळकोटच्या मुरमाड रानात आली. दहावी पास होती. लग्न जमवताना आम्ही शिक्षण विचारलं नव्हतं, भाकरी थापता येते का एवढंच विचारलं होतं. भाकरी येत होती. दहावी फुकटात पदरात पडली. आवाज असा की शेजारची पिठाची गिरणी चालू असली तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. जोडाक्षर आलं की मी थांबते, ढेकळात अडकलेल्या गाडीसारखी. म्हणून घरी पोथी तीच वाचायची आणि मी ऐकायची.

मठात तीस वर्षं अण्णाराव वाचत होते. त्यांचे आधी डोळे गेले, मग दात गेले. डोळे गेले तरी पाठ होतं म्हणून चाललं. दात गेल्यावर नुसता वारा यायला लागला. मग वाचणार कोण? शिकलेली पोरं लातूरला, नांदेडला, पुण्याला. रुद्राणीचं नाव निघालं आणि मठाची कमिटी अडचणीत आली.

आम्हा लिंगायतांत गळ्यात लिंग असलं की विटाळ नाही, असं स्वामी दर वर्षी येऊन सांगतात. कमिटी हात जोडून ऐकते. स्वामींची गाडी वेशीबाहेर गेली की कमिटीच्या डोक्यात विटाळ परत येऊन बसतो. कमिटीचा अध्यक्ष मलप्पा. त्याला मला थेट विचारायची लाज वाटली, म्हणून त्यानं बायकोला पाठवलं. सुकन्या आली, चहा प्याली, पाऊसपाण्याचं बोलली, आणि मग हळूच म्हणाली, “अव्वा, तुमच्या सुनेचं बंद झालं का?”

“काय बंद झालं?”

“ते वो. बाईमाणसाचं.”

“पाळी व्हय? झालं की. वर्ष होऊन गेलं.”

सुकन्या तशीच उठून गेली. जी गोष्ट रुद्राणी माझ्या सिद्धरामशी, म्हणजे सख्ख्या नवऱ्याशी, कधी बोलली नव्हती, ती कमिटीच्या चार गड्यांनी बैठकीत घेतली आणि एकमतानं मंजूर केली. पाळी गेलेली बाई पोथी वाचू शकते. ठराव झाला.

हसण्यावारी नेलं आम्ही. पण रुद्राणीला त्या वाचायला बसायच्या पाटाचं किती होतं ते मी बघत होते. एकोणतीस वर्षं ती कुणाची तरी कोण होती. सिद्धरामची बायको, वीरेशची आई, माझी सून. आता रोज दुपारी स्पीकरवरून तिचं नाव घेत, “रुद्राणीताई वाचतील.” ती डोक्यावर पदर सारखा करायची, चष्मा लावायची आणि बोट ओळीवर ठेवायची. गेला श्रावण आख्खा वाचला तिनं. ह्या श्रावणात मात्र बोट ओळीवरून घसरायला लागलं.

सुस्ती नुसती मठात यायची असं नाही. घरीही दुपारचं जेवण झालं की ती मोडून पडायची. भांडी घासता घासता हात थांबायचे. धान्य निवडताना सूप मांडीवर तसंच राहायचं आणि चिमण्या येऊन टिपून जायच्या. “आत्या, अंगावर पोतं टाकल्यावाणी होतंय वो,” मला म्हणायची. सिद्धराम रोज जेवून दोन तास झोपतो. त्याला आराम म्हणतात. हिचे पाच मिनिटं डोळे मिटले तर त्याला आळस म्हणायची पद्धत आहे. मीही म्हणत होते. खोटं कशाला सांगू?

मंगळवारी ते झालं. पंगत जोरदार होती. आमच्याकडच्या पंगतीला हुग्गी लागतेच. गहू कांडून गुळात शिजवायचा, वरून तूप आणि दूध. ती पोटात जाते आणि तिथं जागा धरून बसते, पाहुण्यासारखी. शिवाय वाचणारीच्या ताटात जो जास्त वाढील त्याला जास्त पुण्य, असं बायांनी ठरवून टाकलेलं. वरण-भात, भजी, हुग्गीच्या तीन वाट्या. आणि आमच्यात प्रसाद टाकत नाहीत. ताट बोटानं निपटायचं, त्यात पाणी घालून धुवायचं आणि ते पाणीही प्यायचं. शितसुद्धा मागं राहता कामा नये.

दोनला वाचन सुरू झालं. वीस-पंचवीस ओळी नीट झाल्या. मग एक ओळ तिनं दोनदा वाचली. मग तीच तिसऱ्यांदा. कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण माझ्याखेरीज ऐकणारं जागं कुणी नव्हतं. चौथ्यांदा अर्धीच ओळ आली आणि तिचं कपाळ माईकवर ठक्कन आपटलं. स्पीकर असा किंचाळला की एसटी स्टँडवरची कुत्री भुंकायला लागली. सगळा मठ दचकून उठला. अध्याय संपला समजून अर्ध्यांनी हात जोडले.

“पोथीत झोपली!” मलप्पा ओरडला. त्याच्या गालावर भिंतीचा चुना लागलेला होता.

संध्याकाळपर्यंत गल्लीत तीन कारणं तयार झाली. एक म्हणाली, कुणीतरी भानामती केली. दुसरी म्हणाली, सासू धाक ठेवीत नाही. तिसरीचं कारण असं होतं की बाईला मान सोसत नाही. चौथं कारण कुणाच्याच मनात आलं नाही.

बुधवारी मलप्पा घरी आला. उभ्यानंच बोलला. “सोमवारची पंगत माझ्या घरची हाय. मोठा सोमवार, पावणे येणार, उदगीरचे लोक येणार. तवर बघू. न्हाईतर मोबाईलमधी सगळी पोथी हाय, स्पीकरला लावून देऊ. मशीन डुलत न्हाई.”

“मशीनीला पुण्य लागतं का रे?” मी विचारलं.

“आपल्याला ऐकण्याशी मतलब, अव्वा.”

तो गेला आणि रुद्राणी चुलीपुढं जाऊन बसली. रडली नाही. म्हणाली, “आत्या, मला पाटावरून उठवलं तर उठीन. पण मोबाईलसाठी उठायचं व्हय?”

तेव्हापासून तिनं झोपेशी लढाई मांडली. बुधवारी पंगतीनंतर तीन कप चहा प्याली. झोप गेली नाही, वाचताना दोनदा बाहेर जावं लागलं तेवढं. गुरुवारी हातात टाचणी धरून बसली. डोळे मिटायला लागले की टोचायची. अध्याय कसाबसा संपला, बोटाच्या शेंड्याला मात्र सात भोकं. शुक्रवारी तिनं काही खाल्लंच नाही. पहाटेपासून पाण्यावर. पोथी सुरू व्हायच्या आधीच डोळ्यापुढं अंधारी आली आणि सुकन्यानं तिला धरून बसवलं. “उपास सोसना तर करायचा कशाला?” सुकन्या म्हणाली. कालपरवापर्यंत हीच तिच्या वाटीत तिसऱ्यांदा हुग्गी ओतत होती.

शनिवारी सकाळी, त्या दिवसापुरती पोथी अण्णारावांवर सोडून, मी तिला उदगीरला नेलं, बायांच्या डॉक्टरीणबाईकडं. दार लावल्यावर डॉक्टरीणबाईनं वय विचारलं, पाळी जाऊन किती दिवस झाले विचारलं. मग म्हणाली, “रात्री झोप लागते?”

“लागते. पण अंगातनं वाफा निघतात मॅडम. घामानं उशी भिजते. तीन-तीनदा उठून बसते.”

हे मला माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं.

“सकाळी काय खाता?”

“पूजा झाल्याबिगर खात न्हाई. मग सगळ्यांचं करण्यात राहूनच जातं.”

“आणि दुपारी?”

रुद्राणीनं सांगायला सुरुवात केली. दोन भाकरी. भात. पोरांनी, म्हणजे नातवंडांनी ताटात ठेवलेलं. पातेल्याला लागलेलं. कालची उरलेली पोळी असली तर ती चहात बुडवून. डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं.

“हे एका बाईचं जेवण आहे का चार जणांचं?”

“टाकवत न्हाई मॅडम. अन्न हाय.”

मी तोंड दुसरीकडं केलं. ही नवी नवरी होती तेव्हा मीच शिकवलं होतं, बाई, घरातलं अन्न उकिरड्यावर जाता कामा नये. मग ते जायचं कुठं? तिच्या पोटात. एकोणतीस वर्षं आमच्या घराचा उकिरडा मी तिच्या पोटात सांभाळला आणि वर लोकांना सांगितलं, माझी सून लई काटकसरीची.

रक्त काढलं. दुपारी कागद हातात आला. साखर काठावर, पण रोग नाही. थायरॉईड ठीक. रक्त मात्र कमी. पाळी जायच्या आधी दोन वर्षं तिला अंगावरून फार जायचं. तेही ती कुणाला बोलली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाली, “पाळी जाताना शरीर बदलतं. रात्रीची झोप मोडते. पूर्वी पचत होतं तेवढं गोड आणि भात एकदम आता सोसत नाही, जेवलं की ग्लानी येते. त्यात रक्त कमी. हा आळस नाही, काकू. लोहाच्या गोळ्या देते, त्यांना महिना-दोन महिने लागतील. पण सकाळी काहीतरी खा. दुपारी थोडंच, वरण, उसळ, भाजी जास्त, भात एक पळी, गोड चवीपुरतं. आणि जेवल्यावर बसायचं नाही, पंधरा मिनिटं चालायचं.”

“पण मॅडम, ताटात पडलेलं टाकता येत न्हाई.”

“टाकू नका ना. वाढूनच घेऊ नका.”

येताना एसटीत रुद्राणी खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “आत्या, किती सोपं सांगितलं बाईनं. तिला सुकन्याक्का म्हाईत न्हाई.”

मी म्हणाले, “रात्री उठून बसतीस ते बोलली का न्हाईस?”

“तुम्हाला कवा झालं होतं का असं?”

मला आठवलं. माझी पाळी गेली तेव्हा मी ऐन पावसाळ्यात अंगणात जाऊन उभी राहायची. सासूबाई म्हणायच्या, हिला वारं लागलं. मी दुपारी कडब्याच्या गंजीमागं झोपायची आणि म्हैस शोधायला गेले होते म्हणून सांगायची. दोन वर्षं आमची म्हैस रोज हरवत होती. मी हे रुद्राणीला सांगितलं तर ती एसटीत इतकी हसली की कंडक्टरनं वळून बघितलं.

रविवारची पंगत उज्वलाच्या घरची. उज्वला तरुण, तिनं हट्ट केला नाही. सकाळी रुद्राणीनं पूजा लवकर उरकून ज्वारीच्या लाह्या आणि दही खाल्लेलं होतं. पंगतीत एक वाटी वरण, थोडा भात, चमचाभर हुग्गी. जेवून ती घरापर्यंत चालत आली आणि परत गेली. पोथी झाली. एकदा जांभई आली तेवढीच. पण तिथं भांडण नव्हतं. भांडण सोमवारचं होतं.

सोमवारी मठ भरून वाहिला. मलप्पानं पांढरा फेटा बांधलेला, स्पीकरशेजारी मोबाईल तयार ठेवलेला, वायर जोडून. जणू डॉक्टरनं सुई भरून हातात धरली होती. पंगत बसली. सुकन्या स्वतः हुग्गीचं भांडं घेऊन आली. रुद्राणीनं एक पळी घेतली, खाल्ली. सुकन्या दुसऱ्यांदा आली. रुद्राणीनं ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

“काय गं हे?”

“पुरे अक्का.”

“प्रसादाला नको म्हणून राहिलीस?”

“प्रसादाला न्हाई अक्का. दुसऱ्या वाटीला.”

आजूबाजूच्या बायांचे घास थांबले. सुकन्याचं तोंड लाल झालं. “आमच्या घरचं गोड लागना का तुला? काल उज्वलाच्या घरचं खाल्लंस की.”

“तिथं पण चमचाच खाल्ला. अक्का, तुमच्या घरचं टाकायचं नाही म्हणून तर घेत न्हाई. घेतलं तर पोटात न्हाई, पोथीवर सांडतंय.”

सुकन्या तिथून हलेना. भांडं हातात, तूप निवत चाललेलं. मला राहवलं नाही. “इकडं आण गं,” मी म्हणाले, “तिच्या वाटचं मला वाढ.” तिनं रागानं माझ्या ताटात दोन पळ्या ओतल्या. पदर भरून पुण्य मिळालं तिला.

रुद्राणीनं ताट धुतलं, पाणी प्याली आणि उठली. आता पंधरा मिनिटं चालायचं तर जायचं कुठं? बाहेर रस्त्यावर पाहुण्यांच्या गाड्या. म्हणून ती मठातच, मूळ स्वामींच्या समाधीभोवती चालायला लागली. एक फेरी, दोन फेऱ्या, पदर खोचून, झपझप.

शेजारची म्हातारी मला कोपरानं ढोसून म्हणाली, “काय नवस बोललीय का ती देवाला?”

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण पाळी, रक्त, साखर, भात, एवढं सगळं त्या पंगतीत कुठून सुरू करणार? आणि तोंडात हुग्गी होती. मी मान डोलावली.

“किती फेऱ्या?”

“अकरा,” मी म्हणाले. आकडा कुठून आला देवाला माहीत.

बस्स. म्हातारी उठली. तिच्या मागं तिची सून. मग उज्वला. मंगळवारी माईक किंचाळला, ते देवानं रुद्राणीला उठवलं म्हणून, आणि ती आता अकरा प्रदक्षिणा घालते म्हणून, असं दहा मिनिटांत ठरून गेलं. समाधीभोवती चाळीस बाया फिरायला लागल्या. पावणेही उठले. देवाच्या कामात मागं राहायला कुणाला आवडतं? सुकन्यासुद्धा भांडं खाली ठेवून रांगेत शिरली. मलप्पा तेवढा उठला नाही, माईक-स्पीकरजवळच मोबाईल सांभाळत बसला. अध्यक्ष होता, पाहुण्यांसाठी त्यानं चार वाट्या खाऊन दाखवल्या होत्या आणि त्याचे गुडघेही दुखतात.

दोनला रुद्राणी पाटावर बसली. चष्मा लावला, बोट ओळीवर ठेवलं. मी बघत होते. सव्वादोन झाले. मान खाली आली नाही. तिची नाही, कुणाचीच नाही. सगळ्या जाग्या बाया तिच्याकडं बघत होत्या आणि त्यामुळं ती जरा घाबरलीच. इतक्या वर्षांत त्या मठात पोथी कुणी ऐकलीच नव्हती. मध्येच एकीनं विचारलं, “ह्येचा अर्थ काय वो ताई?” रुद्राणी गडबडली, थांबली, मग तिनं सांगितला. अडीच झाले. आवाज तसाच, गिरणीवर मात करणारा.

मग तिनं ओळ संपवली आणि पुढची सुरूच केली नाही. मला वाटलं, संपलं. पण तिचे डोळे उघडे होते. ती स्पीकरच्या बाजूला बघत होती. मठ गप्प झाला आणि त्या गप्पपणात माईकवरून एक घोरणं आलं. लांब, चढतं, सुरात. गल्लीभर गेलं असणार ते.

कुणी हसलं नाही. दुष्टपणा होता तो सगळ्यांचा, हसू दाबून वाट बघण्याचा.

“आप्पा,” रुद्राणी हळू म्हणाली, “पुढं वाचू का?”

मलप्पा दचकला. फेटा कपाळावर आला होता. “हाव, वाच वाच! मी ऐकूनच राहिलो!”

तिनं वाचलं. अध्याय संपेपर्यंत एक शब्द अडखळला नाही. मलप्पानं मोबाईलची वायर काढून खिशात घातली, कुणाला दिसणार नाही अशी. त्या दिवशी मला मात्र शेवटच्या दहा-बारा ओळी आठवत नाहीत. दोन पळ्या जास्त झाल्या होत्या.

पाट राहिला. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. रात्री वाफा अजून येतात, पण आता ती उठली की मलाही उठवते आणि आम्ही दोघी अंगणात बसतो. घरात उरलेलं अन्न म्हशीला जातं. सिद्धरामनं एकदा विचारलं, “म्हशीला कवापासून पोळ्या?” मी म्हणाले, “तिची पाळी आली म्हणून समज.” त्याला कळलं नाही, बरं झालं.

पण मठात नवी अडचण झाली आहे. कमिटीनं भिंतीवर रंगानं लिहून घेतलं: प्रसादानंतर अकरा प्रदक्षिणा. बाजूच्या दोन गावांतून बाया येतात. समाधीभोवती एवढी दाटी होते की चालता येत नाही, एका जागी उभं राहून पुढची सरकली की पाऊल टाकायचं. त्यानं काही जिरत नाही. म्हणून रुद्राणी जेवण झालं की रस्त्यानं तळ्यापर्यंत जाते आणि येते. लगेच तक्रार गेली की वाचणारी बाईच प्रदक्षिणा घालत नाही, देवाला पाठ दाखवून रस्त्यावर फिरते, असल्या बाईला पाटावर बसवावं का?

कमिटीनं त्यावर बैठक बोलावली आहे. येत्या गुरुवारी, दुपारी दीडला, पंगत झाल्यावर. त्या दिवशी हुग्गी सुकन्याच करणार आहे, म्हणून मी निश्चिंत आहे.